विजेच्या बिलातले बेट : मुंबईच्या वीजपुरवठ्याची पहिली बेचाळीस वर्षे

माहीमहून वांद्र्याला जाताना खाडी केव्हा ओलांडली हे बसमधल्या प्रवाशाला हल्ली कळतही नाही. शीवहून कुर्ल्याकडे जाताना तर तेवढीही खूण उरलेली नाही. भराव पडले, पूल झाले, रूळ आले आणि मुंबई बेट होती ही गोष्ट शाळेच्या पुस्तकापुरती राहिली. पण एका कागदावर हे बेट अजून शाबूत आहे. तो कागद म्हणजे विजेचे बिल. कुलाब्यापासून माहीम आणि शीवपर्यंतच्या घरांत ते ‘बेस्ट’चे येते, खाडीपलीकडे दुसऱ्या कंपनीचे. आपल्या ‘बेस्ट’ उपक्रमाची लाल बस खाडी ओलांडून थेट उपनगरांच्या टोकापर्यंत जाते. आपली तार मात्र खाडीच्या काठाशी थांबते.

असे का, याचे उत्तर वीजपुरवठ्याच्या १९०५ च्या करारात आहे. त्या वेळी मुंबई म्हणजे मुंबई बेट, एवढाच नगरपालिकेचा मुलूख होता. उपक्रमाचा इतिहास लिहिताना म्हणूनच या बेटापासून सुरुवात करावी लागते. बेटाला मुळात स्वतःचे फारसे काही नव्हते. विहिरी मचूळ लागू लागल्या तेव्हा १८६० मध्ये पाणी साष्टीतल्या विहार तलावातून आणावे लागले, आणि १८९२ पासून त्याहून लांबच्या तानशातून. प्रकाशाचेही तेच झाले. तो प्रत्येक वेळी कोठून तरी आणावा लागला, आणि त्याची किंमत बेटावरच्यांनी जशी मोजली तशी बेटाबाहेरच्यांनीही.

दिवाबत्तीचे दिवस

वीज येण्याआधी मुंबईने गॅसचे दिवे पाहिले. १८६५ च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यांवर पहिल्यांदा गॅस पेटला. दिवाबत्तीवाला एका खांबावरून दुसऱ्या खांबाकडे जाई आणि बघ्यांचा घोळका आश्चर्याने त्याच्या मागोमाग फिरे, असे त्या संध्याकाळचे वर्णन केले जाते. लालबागच्या गॅस कंपनीची आठवण जुन्या गिरणगावकरांना आजही आहे. घरांतून मात्र समई, कंदील आणि पुढे घासलेटची चिमणी यांचाच अंमल होता.

विजेचा पहिला प्रयोग झाला तो मंडईत. १८६९ मध्ये उघडलेली क्रॉफर्ड मार्केटची इमारत हा त्या काळच्या मुंबईचा अभिमान होता. १८८२ मध्ये ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनीने मंडईत आणि आसपासच्या काही रस्त्यांवर विजेचे दिवे लावण्याचे कंत्राट घेतले. दिवे लागले आणि लोक थक्क झाले. वर्षभरात कंपनीच बुडाली आणि रस्त्यांवर पुन्हा गॅसचे राज्य आले.

हा प्रयोग फसला, पण त्यात शिकण्यासारखे होते. रस्त्यावरचे दिवे फक्त रात्री जळतात. त्यांच्यासाठी बसवलेले इंजिन आणि डायनामो दिवसभर गप्प बसून राहतात, आणि भांडवलावरचे व्याज काही गप्प बसत नाही. नुसत्या दिव्यांवर वीजघर चालत नाही. दिवसा वीज खाणारे गिऱ्हाईक मिळाले तरच गणित जुळते. मुंबईत ते गिऱ्हाईक आधीच रस्त्यावर धावत होते, फक्त त्याला घोडे जुंपलेले होते.

घोड्यांची ट्राम

९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. एक फाटा कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटमार्गे पायधुणीला जाई आणि दुसरा बोरीबंदराहून काळबादेवीमार्गे पायधुणीला. एक किंवा दोन घोड्यांची गाडी, रुळांवरून सरकणारी, बैलगाडीपेक्षा सुखाची आणि व्हिक्टोरिया घोडागाडीपेक्षा स्वस्त. उन्हाळ्यात घोड्यांच्या डोक्यावर उन्हापासून बचावासाठी टोप्या घातलेल्या असत. तशी छायाचित्रे आजही पाहायला मिळतात.

घोड्यांना मात्र खायला लागे, ते आजारी पडत, थकत, आणि ठरावीक फेऱ्यांनंतर बदलावे लागत. शहर उत्तरेकडे पसरू लागले तेव्हा या गाड्या अपुऱ्या पडू लागल्या. दरम्यान मद्रासमध्ये १८९५ मध्ये विजेची ट्राम धावली, आणि कलकत्त्यात १९०२ मध्ये. कलकत्त्याला तर १८९९ पासून शहराचा स्वतःचा वीजपुरवठाही होता. गिरण्यांची आणि बंदराची मुंबई या बाबतीत मागे होती. ज्याला परवडत होते तो आपापली सोय करी. डिसेंबर १९०३ मध्ये उघडलेल्या ताजमहाल हॉटेलसाठी जमशेटजी टाटांनी विजेची यंत्रे जर्मनीहून आणवली होती. पण एका हॉटेलाची वीज म्हणजे शहराची वीज नव्हे.

सात ऑगस्टचा करार

१९०३ च्या वीज कायद्याने परवाना देण्याची रीत ठरवून दिली आणि विलायतेतल्या कंपन्या पुढे आल्या. बोलणी ब्रश इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग कंपनीमार्फत झाली. जून १९०५ मध्ये ‘बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी’ची लंडनमध्ये नोंदणी झाली. ७ ऑगस्ट १९०५ रोजी नगरपालिका, जुनी ट्राम कंपनी आणि ब्रश कंपनी यांच्यात करार झाला. उपक्रम आज हाच दिवस आपला मानतो. नव्या कंपनीच्या इंग्रजी नावातली आद्याक्षरे जुळवली की ‘बेस्ट’ होते. नावातला ‘टी’ तेव्हा ट्रामचा होता. वाहतुकीचा तो पुढे झाला.

वीज आणि ट्राम एकाच कंपनीच्या हाती देण्यामागे मंडईतल्या फसलेल्या प्रयोगाचा धडा होता. सकाळी कचेरीला जाणाऱ्यांच्या आणि संध्याकाळी परतणाऱ्यांच्या गर्दीत ट्रामला वीज लागणार, अंधार पडला की दिव्यांना. एका वीजघराने दोन्ही गिऱ्हाइके सांभाळली की यंत्रे दिवसरात्र कामाला लागतात आणि दोन्ही सेवा स्वस्त पडतात. वीज आणि वाहतूक एका छपराखाली कशी, असे आज आपल्याला अनेक जण विचारतात. त्यांना सांगायला हे कारण पुरेसे आहे.

करारात आणखी एक कलम होते. बेचाळीस वर्षांनी हा सगळा पसारा विकत घेण्याचा हक्क नगरपालिकेने आपल्याकडे राखून ठेवला होता. सही करणाऱ्यांपैकी फारच थोडे जण ती तारीख पाहायला जिवंत राहणार होते. तरीही ते कलम घातले गेले, हे त्या नगरपालिकेचे शहाणपण.

वाडीबंदरचा धूर

नोव्हेंबर १९०५ मध्ये वाडीबंदरला कंपनीचे वाफेवर चालणारे वीजघर उभे राहिले. क्षमता होती ४,३०० किलोवॅट, म्हणजे आजच्या एखाद्या मोठ्या पवनचक्कीएवढी. एवढ्या विजेवर शहराची ट्राम आणि दिवे सुरू व्हायचे होते.

जागा बंदरालगतची निवडली यात नवल नव्हते. बेटावर कोळसा नाही आणि वाहते पाणीही नाही. बंगालच्या खाणींतला कोळसा अर्धा हिंदुस्थान ओलांडून किंवा समुद्राला वळसा घालून मुंबईत येई आणि इथे पोहोचेपर्यंत वाहतुकीच्या खर्चानेच महाग होई. मुंबईच्या दिव्यांची पहिली वात अशी दूरच्या खाणीत होती. जहाजाला उशीर झाला किंवा कोळशाचे भाव चढले की त्याचा चटका वीजघराला बसणार हे ठरलेलेच. मागणी वाढली तशी ४,३०० किलोवॅटची वीज पुरेनाशी झाली आणि १९१२ मध्ये माझगावजवळ त्याहून मोठे वीजघर उभारावे लागले.

सात मेची संध्याकाळ

७ मे १९०७ रोजी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास नगरपालिकेच्या कचेरीसमोरून फुलापताकांनी सजवलेली विजेची पहिली ट्राम निघाली आणि क्रॉफर्ड मार्केटकडे गेली. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या मंडईत विजेचे दिवे लागून विझले होते, तिच्याच दारात वीज परत आली. या वेळी ती टिकणार होती.

गाडीच्या टपावर लांब दांडी, दांडीच्या टोकाला डोक्यावरच्या तारेला टेकलेले फिरते चाक. तारेतून वीज यायची, मोटारीला गती द्यायची आणि रुळांवाटे माघारी जायची. घोडा नाही, इंजिन नाही, धूर नाही. चाळीतल्या माणसाला विजेची पहिली ओळख झाली ती दिव्याने नव्हे, ट्रामने. त्याच्या खोलीत वीज यायला अजून पुष्कळ वर्षे होती, पण एका आण्यात तो विजेवर बसून कामाला जाऊ शकत होता. पुढे गर्दी वाढली तशी १९२० मध्ये दुमजली ट्राम आली, आणि १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर कंपनीची पहिली मोटारबस धावली.

श्रीमंतांच्या घरांत आणि कचेऱ्यांत दिव्यांबरोबर पंखेही आले. छताला टांगलेल्या कापडी पंख्याची दोरी दिवसभर ओढत बसणारा पंखेवाला हळूहळू दिसेनासा झाला. त्या माणसांचे पुढे काय झाले याची नोंद कंपनीच्या हिशेबात होण्याचे कारण नव्हते.

गिरणीतला दिवा

विजेच्या दिव्याने मुंबईत सगळ्यात मोठी खळबळ माजवली ती रस्त्यावर नव्हे, गिरणीत. तोपर्यंत गिरणीचा दिवस सूर्य ठरवत असे. उजाडले की भोंगा, मावळले की सुट्टी. उन्हाळ्यात दिवस लांबे, हिवाळ्यात आखडे. १९०५ च्या सुमारास कापडाला तेजी होती आणि अनेक गिरण्यांनी स्वतःची यंत्रे बसवून खात्यांत विजेचे दिवे लावले. त्यासरशी कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. रत्नागिरी, सातारा आणि घाटावरून आलेला कामगार दिवसाउजेडी घराबाहेर पडत नव्हता आणि दिवसाउजेडी परतत नव्हता.

कामगार चिडले आणि त्याच वर्षी जादा तासांविरुद्ध गिरण्यांत काम बंद पडले, दंगेही झाले. सरकारने आधी समिती नेमली, मग आयोग. शेवटी १९११ च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांतल्या प्रौढ पुरुषांसाठी दिवसाला बारा तासांची मर्यादा घातली. बारा तास हा आकडा आज भयंकर वाटतो. तेव्हा तो सुटकेचा होता. वीज येताना नुसता उजेड घेऊन येत नाही, रात्रही काढून घेऊ शकते, हा धडा मुंबईच्या गिरणगावाने फार लवकर शिकला. आपल्या कंपनीचे वीजघर तेव्हा नुकते उभे राहत होते, त्यामुळे तो दोष तिच्याकडे जात नाही. पण शहराच्या विजेचा इतिहास या गिरणीकामगारांना वगळून लिहिता येत नाही.

घाटावरून आलेले पाणी

महाग कोळशाला पर्याय मुंबईच्या डोळ्यांसमोर होता. दर पावसाळ्यात सह्याद्रीचा माथा भिजून निघतो आणि ते पाणी कड्यांवरून कोकणात कोसळून समुद्राला मिळते. लोणावळ्याच्या परिसरात ते अडवावे, घाटाखाली सोडावे आणि त्या पडण्याच्या जोरावर वीज करावी, हे स्वप्न जमशेटजींनी उराशी बाळगले. १९०४ मध्ये ते गेले. काम पुढे नेले ते दोराबजी टाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. लंडनच्या भांडवलदारांनी हात आखडता घेतला तेव्हा पैसा हिंदुस्थानातच उभा करायचे ठरले, आणि त्यात संस्थानिकांनीही वाटा उचलला. टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी ७ नोव्हेंबर १९१० रोजी नोंदली गेली. ८ फेब्रुवारी १९११ रोजी गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते लोणावळ्याला पायाभरणी झाली.

योजनेची कल्पना सोपी, काम कठीण. पाऊस चार महिन्यांचा आणि वीज बारा महिन्यांची. म्हणून लोणावळा, वळवण आणि शिरवटा इथे धरणे बांधून पाणी साठवायचे, कालव्यांनी ते घाटमाथ्यावर आणायचे आणि पोलादी नळांतून सतराशे फुटांहून अधिक खाली, खोपोलीच्या वीजघरातल्या चक्रांवर सोडायचे. तिथली वीज एक लाख व्होल्टच्या दाबाने सुमारे सत्तर किलोमीटर दूरच्या मुंबईत आणायची. त्या काळी हिंदुस्थानात एवढ्या दाबाची तार क्वचितच कोणी पाहिली असेल. ११ फेब्रुवारी १९१५ रोजी गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी कळ दाबली आणि घाटावरच्या पावसाने गिरण्या चालू लागल्या.

गिरणीमालक सुरुवातीला बिचकत होते. त्यांची वाफेची इंजिने चालू होती आणि त्यांत पैसा गुंतला होता. पण पहिल्या महायुद्धात कोळसा दुर्मीळ आणि महाग झाला आणि शंका फिटल्या. त्यापाठोपाठ आंध्र व्हॅलीची योजना आली आणि १९२२ मध्ये भिवपुरीचे वीजघर सुरू झाले. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला या मार्गावर विजेची आगगाडी धावली, हिंदुस्थानातली पहिली. १९२८ पासून पश्चिमेकडच्या मार्गावर कुलाबा ते बोरीवली विजेच्या गाड्या सुरू झाल्या. आपली कंपनीही पुढे स्वतःच्या धुरांड्यांऐवजी टाटांकडून घाऊक वीज घेऊन ती शहरात वाटू लागली. घराघरांत वीज पोहोचवायची, तारा जमिनीखालून न्यायच्या, बिघाड झाला की रात्री-अपरात्री धावायचे, हे काम तेव्हापासून आपले मुख्य काम झाले.

मुळशीची किंमत

या वाटेवरचे एक नाव या स्मरणिकेत यायलाच हवे, ते म्हणजे मुळशी. निळा आणि मुळा नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधून टाटा पॉवर कंपनीने तिसरी मोठी योजना हाती घेतली. पाण्याखाली जाणार होती मावळातली पन्नासेक गावे, त्यांची भातखाचरे, देवळे आणि मसणवटे. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट त्यांच्या पुढे होते. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. बापटांना ‘सेनापती’ ही पदवी लोकांनी दिली ती इथेच. धरणाविरुद्धच्या जगातल्या अगदी आरंभीच्या संघटित लढ्यांत मुळशीचे नाव घेतले जाते.

सत्याग्रह मोडला, धरण झाले, आणि १९२७ मध्ये भिऱ्याच्या वीजघरातून वीज सुरू झाली. तारा मुंबईकडे गेल्या, आणि ज्या गावांनी जमीन दिली तिथे कितीतरी वर्षे कंदीलच राहिले. बेटाने पाणी आणि प्रकाश बाहेरून आणला असे आपण सहज म्हणून जातो. त्या ‘बाहेर’ला घरे होती, माणसे होती, हे निदान आपल्यासारख्या संस्थेने विसरू नये.

खाडीकाठची हद्द

एव्हाना खाडीपलीकडचे वांद्रे, खार, सांताक्रूझ, पार्ले ही वस्ती वाढू लागली होती. मुंबईचा नोकरदार मध्यमवर्ग तिकडे बंगले आणि चाळी बांधत होता. पण आपल्या कंपनीचा परवाना मुंबई बेटापुरता. म्हणून १ ऑक्टोबर १९२९ रोजी उपनगरांसाठी बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही वेगळी कंपनी निघाली. लोक तिला ‘बीएसईएस’ म्हणू लागले. १९५० आणि १९५७ मध्ये महापालिकेची हद्द खाडी ओलांडून दहिसर-मुलुंडपर्यंत गेली, बसही गेली. विजेची हद्द मात्र माहीम आणि शीवलाच राहिली. १८०३ मध्ये शीवचा आणि १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे बांधून इंग्रजांच्या काळी बेट जमिनीला जोडले गेले. ते जोडकाम विजेच्या परवान्याला माहीतच नाही.

बेचाळीस वर्षांनी

१९०५ च्या कलमात लिहिलेली मुदत भरली ती १९४७ च्या ऑगस्टमध्ये. ७ ऑगस्ट १९४७ रोजी नगरपालिकेने कंपनीचा वीज आणि वाहतुकीचा सगळा कारभार आपल्याकडे घेतला. आठ दिवसांनी देश स्वतंत्र झाला. तारखांचा हा योगायोग कोणी जुळवलेला नव्हता. मुदत बेचाळीस वर्षांपूर्वीच्या करारातच ठरलेली होती. पण लंडनमध्ये नोंदलेली कंपनी शहराच्या मालकीची झाली, आणि ती त्या आठवड्यात झाली, हे उपक्रमातल्या जुन्या कामगारांच्या घरांत अभिमानाने सांगितले जाते. ट्राम पुढे सतरा वर्षे टिकली. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर ते दादर ही शेवटची ट्राम धावली. नावातला ‘टी’ तोवर ‘ट्रान्स्पोर्ट’चा झालेला होता.

पहिल्या बेचाळीस वर्षांची ही कहाणी इथे संपते, पण शेवटी एका शेजाऱ्याची आठवण काढायला हवी. गेटवेवरून लाँचने तासाभरावर घारापुरी आहे. लेणी पाहायला आपण तिथे पिढ्यान्‌पिढ्या जात आलो. ते खरेखुरे बेट, चारही बाजूंना पाणी. वाडीबंदरच्या धुरांड्यापासून मुंबईच्या झगमगाटापर्यंत सगळे त्या बेटावरून दिसत होते, आणि राजबंदर, मोराबंदर, शेतबंदर या तीन वस्त्यांना संध्याकाळी काही तास डिझेल जनरेटरच्या दिव्यांवर भागवावे लागत होते. २२ फेब्रुवारी २०१८ रोजी समुद्रतळाशी टाकलेल्या सुमारे साडेसात किलोमीटरच्या केबलमधून तिथे कायमची वीज पोहोचली. ती आपल्या हद्दीतली नाही, महावितरणची आहे. १८८२ मध्ये मंडईत दिवा लागला त्यानंतर एकशे छत्तीस वर्षांनी बंदराच्या पलीकडे तो लागला. घारापुरीच्या घरांतही आता बिल येते. आपले बेट भरावाखाली गेले, ते फक्त बिलात उरले. त्यांचे अजून पाण्यात आहे.